आमच्या मोठ्या बाई मुलं गोळा करतात

भांडुपच्या टेकडीवर जन्माला येणारं प्रत्येक मूल आपल्याच शाळेसाठी जन्माला येतं, अशी आमच्या मोठ्या बाईंची ठाम समजूत होती. त्याच्या आईबापांचं मत वेगळं असू शकतं, ही गोष्ट त्यांना किरकोळ वाटे. मोठ्या बाई म्हणजे पालिकेच्या आमच्या मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका. मी त्यांच्या हाताखाली चौथीला शिकवायचो. बारशाला गेल्या की बाळाच्या हातात खुळखुळा देता देता त्या आईला बजावत, "सहा वर्षांनी घेऊन ये गो, विसरू नको." एका लग्नात अक्षता टाकून त्यांनी जो आशीर्वाद दिला, तो ऐकून नवरी लाजून लाल झाली आणि मी थेट जेवणाकडे पळालो.

आम्ही शिक्षक बरेचदा शाळेबाहेरच असायचो. कधी निवडणुकीचं काम, कधी कसलं तरी सर्वेक्षण. मग बाई दोन वर्गांमधल्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसत. डावीकडे पाढे, उजवीकडे कविता. मधेच घोटाळा होऊन डावीकडची पोरं सातचा पाढा कवितेच्या चालीत म्हणू लागत. तपासणीला आलेल्या साहेबांनी विचारलं, "ही कुठली नवी पद्धत?"

"माणसं नसतात तेव्हाची," बाई म्हणाल्या.

तरी मुलं दरवर्षी कमी होत होती. टेकडीच्या पायथ्याशी एक चकाचक इंग्लिश मिडियमची शाळा निघाली. तिच्या दारात अस्वलाचा वेष घातलेला माणूस फुगे वाटायचा. इकडे आम्हाला वरून कळलं, पहिलीला मुलं मिळाली नाहीत तर वर्ग बंद. भर मे महिन्यात बाई मला घेऊन टेकडी चढायला निघाल्या. वाटेत अस्वलाला पाहून त्या थबकल्या. "मेल्याक किती उकडत असतला रे!" असं म्हणून त्यांनी त्याला आपल्या बाटलीतलं पाणी पाजलं आणि एक फुगाही मागून घेतला.

टेकडीवरच्या एका घरात सहा वर्षांची मुलगी होती. तिची आई बाईंचीच जुनी विद्यार्थिनी.

"बाई, चहा घ्या, पण पोरगी नाय देणार."

"का गं?"

"तुमच्याकडे माझा पहिला नंबर यायचा ना? मॉलमधे नोकरीला गेले, साहेब इंग्लिशमधे बोलला आणि माझी वाट लागली. तोंडच उघडलं नाही. तिचं तसं नाय व्हायला पाहिजे."

बाई म्हणाल्या, "चुकीचं नाही बोललीस." फुगा मुलीच्या हातात दिला आणि टेकडी उतरायला लागल्या.

कशीबशी मुलं मिळून पहिली वाचली. ती मुलगी मात्र अस्वलाच्या शाळेत गेली. पण जून उजाडताच बाईंनी शाळेत रोज इंग्लिश बोलायचा तास सुरू केला. त्यांचं स्वतःचं इंग्लिश यथातथाच. नियम एकच, चुकलं तर हसायचं, पण गप्प बसायचं नाही. शिपायालाही सुटका नव्हती. "व्हाय यू नॉट स्वीपिंग, मेल्या?" या वाक्यावर तो बिचारा कोणत्या भाषेत उत्तर द्यावं या विचारात झाडूच विसरायचा.

दिवाळीनंतर तीच आई मुलीला घेऊन शाळेत आली. "बाई, ही तिकडे तोंडच उघडत नाही. आता घरी पण गप्प असते."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" असं बाई म्हणाल्या नाहीत. मुलीला त्यांनी पहिलीच्या वर्गात उभं केलं आणि नाव विचारलं. मुलगी खाली बघत राहिली. मग बाई स्वतःच छातीवर हात ठेवून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "माय नेम आर मोठ्या बाई!"

"इज, बाई, इज!" अख्खा वर्ग ओरडला. मुलीने मान वर केली. बाई पुन्हा म्हणाल्या, "आर!" आणि या खेपेला सगळ्यांच्या वर तिचा आवाज आला, "इज!" दारात तिची आई हसता हसता डोळे पुसत होती. बाईंनी ती चूक मुद्दाम केली होती का, हे मी आजवर विचारलेलं नाही.

गेल्या वर्षी बाई निवृत्त झाल्या. त्या दिवशी त्या मला घेऊन वरच्या मजल्यावर गेल्या. मुलांअभावी तो मजला कधीचाच बंद होता. त्यांनी एकेका वर्गाच्या खिडक्या उघडल्या. "जरा वारा येऊ दे," म्हणाल्या. तेवढ्यात खाली मधली सुटी झाली आणि मुलांचा कल्ला वर आला.

"किती असतील रे?" त्यांनी विचारलं.

"आवाजावरून तरी पुष्कळ वाटतात," मी म्हटलं.

त्या हसल्या आणि एका रिकाम्या बाकावर ऐकत बसून राहिल्या.