भोवत्यांची मोजणी

साहेब मोजायला येणार, असं कुणी म्हटलं की मला अजूनही त्या डोंगरावरचा वास येतो. नाकात बसलाय तो, जात नाही.

लातूर तेव्हा नुकताच जिल्हा झाला होता. पावसाने पाठ फिरवलेली, नळ कोरडे, आणि शहरात मात्र रोज कुठल्या ना कुठल्या कार्यालयाचं उद्घाटन. पुढाऱ्यांच्या धोतरावर धूळ बसू नये म्हणून मांडवापुढे टँकरने पाणी शिंपडायचे. बाया रिकाम्या घागरी घेऊन बाजूला उभ्या. ते बघून मला शिसारी यायची. नव्या जिल्ह्याला नव्या इमारती हव्या होत्या, इमारतींना खडी हवी होती आणि खडीसाठी डोंगर फोडायचा होता. लोह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, अहमदपूरच्या पुढे असलेला माझा डोंगर एका अंगाने पोखरायला सुरुवातही झाली होती.

'माझा' म्हणतोय, पण माझा काय संबंध? मी मूळचा नांदेडचा, लातूरच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवणारा. फाल्गुन-चैत्रात दर रविवारी एसटीने जायचो, डोंगर चढायचो आणि महादेवाच्या देवळामागे बसून भोवत्ये मोजायचो. भोवत्या म्हणजे घारीपेक्षा सडपातळ, लांब शेपटीचा शिकारी पक्षी. थंडीत तो आमच्या माळरानावर टोळ आणि उंदीर खात फिरतो आणि ऊन तापू लागलं की उत्तरेला परत जातो. उतारावरून वर चढणारी गरम हवा त्यांना बरोबर सापडते. पंख न हलवता गोल गोल वर जातात आणि मग एकामागून एक निघतात. दहा पक्षी गेले की मी डाव्या खिशातला एक खडा उजव्या खिशात टाकायचो. त्या दिवसांत न किळसता बघावं असं मला तेवढं एकच दिसत होतं.

डोंगराच्या पायथ्याच्या गावात एकाच विहिरीला पाणी उरलं होतं. तिचा झरा डोंगरातून यायचा. सुरुंग त्या बाजूला सरकले की झरा संपणार, हे गावाला कळत होतं. गावातले एक म्हातारे काका मला नेहमी वर ताक आणून द्यायचे. दुष्काळ वाढला तसं ताक गेलं, तरी ते यायचे, शेजारी बसायचे. त्यांच्या आग्रहावरून मी कलेक्टर साहेबांना भेटायला गेलो.

विहिरीचं ऐकताना साहेबांनी जांभई दिली. पाखरांचं निघालं तसे सावरून बसले. नव्या जिल्ह्यात पाहुण्यांना दाखवण्यासारखं त्यांना काहीतरी हवंच होतं. "रविवारी मी स्वतः येतो. पक्षी खरंच इतके असतील तर खाण दुसरीकडे नेऊ," म्हणाले. माणसांच्या पिण्याच्या पाण्याला जे जमलं नाही ते पाखरांना जमणार होतं. मला त्यांचा राग आला, आणि हसून त्यांचे आभार मानणाऱ्या स्वतःचाही वीट आला.

मी काकांना निरोप दिला, "साहेब पाखरं मोजायला येताहेत. आकडा दिसला तर विहीर वाचेल." काका म्हणाले, "हाव सर, समजलं. तुमी काळजी करू नका."

त्यांना समजलं होतं ते छावणीतलं. गावाबाहेर जनावरांची छावणी होती. तिथेही तालुक्याचे साहेब मोजायला यायचे आणि दावणीला दिसतील तेवढ्याच डोक्यांचा चारा मिळायचा. म्हणून मोजणीच्या दिवशी लोक इकडून तिकडून गुरं आणून दावणी भरायचे. मोजणी म्हणजे आधी भरती, हे त्या वर्षी तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं.

रविवारी डोंगर चढताना निम्म्यावरच वास आला. वर पोचलो तर देवळामागे, माझ्या बसायच्या जागेला लागून, फुगलेला बैल पडला होता. गिधाडं पोटात माना घालून ओढत होती. घारी झडप घालत होत्या, कुत्री एकमेकांवर तुटून पडत होती. महादेवाच्या पायरीपर्यंत घाण ओघळली होती. माश्या तर तोंड उघडू देईनात.

काका उजळलेल्या चेहऱ्याने पुढे आले. "बगा सर, किती आलेत! दोन दिस झाले, वाडून राहिलेत."

"काका, हे काय केलंत?"

"छावणीत मेला ना आमचा पांढरा. म्हणलं, येऊ द्या कामाला."

आमच्याकडे घरचा बैल मेला तर हळदकुंकू लावून शेतात पुरतात. त्यांनी तो दोर लावून डोंगरावर ओढून आणवला होता.

साहेब रुमाल नाकाला लावूनच वर आले. बैल बघितला आणि तिथेच ओकले. "हेच का तुमचे पक्षी?" मी वर बोट दाखवलं. भोवत्यांची रांग येत होती, घारी-गिधाडांचा गलबला बघून लांबून वळसा घेत होती. "साहेब, वर बघा, ते खरे!" साहेबांनी मान वर केलीच नाही. ही घाण आधी साफ करा म्हणाले आणि उतरले. महिनाभरात त्या बाजूला सुरुंग लागले. कुजकी जनावरं आणि गिधाडं हटवायची, गावाच्या आरोग्यासाठी, असं कारण सांगितलं गेलं.

भर उन्हाळ्यात मी गावात गेलो. विहिरीत चिखल होता. टँकरभोवती धक्काबुक्की चालली होती, एकमेकांच्या आयाबहिणी निघत होत्या, सांडलेलं पाणी लोक चिखलासकट भांड्यात ओढत होते. मला सगळ्यांची किळस आली, साहेबांची, खाणवाल्यांची, त्या गर्दीची, आणि उगाच शिकवत फिरणाऱ्या माझ्या तोंडाची.

गर्दीतून काका बाहेर आले. बादली रिकामीच होती. माझ्यावर रागावतील असं वाटलं, पण ते जवळ आले आणि हळूच, कुणी ऐकू नये अशा बेताने म्हणाले,

"सर, पाखरं कमी पडले का? तवाच सांगायचं व्हतं. दुसरा बैल व्हता की दावणीला."