खोडलेलं वाचता येतं

आमच्या शाळेच्या रोबोटिक्स संघाला स्पर्धेसाठी एक वही ठेवावी लागते. काय केलं, काय फसलं, सगळं त्यात लिहायचं. आज सानियानं चुकलेलं माप एकाच रेघेनं खोडलं आणि शेजारी सही केली. रेघेखालचा आकडा स्वच्छ वाचता येत होता.

"व्हाइटनर लाव की, घाण दिसतंय," वेदांत म्हणाला.

"गप रे. चूक दिसलीच पाहिजे. सरांचाच नियम आहे."

नियम माझाच. पण गेल्या वर्षी, परीक्षकांसमोर वही देखणी दिसावी म्हणून, संघातल्या ऋचानं रोबोटसाठी केलेल्या, पण फसलेल्या पंजाची पानं मीच फाडली. खरं तर त्या फसण्यातूनच आम्हाला चालणारा पंजा सुचला होता. तिनं वही शेवटपर्यंत चाळली आणि हळूच विचारलं, "सर, मी कुठंच नाही?"

"अगं, संघ जिंकला म्हणजे तू जिंकलीसच की," मी म्हटलं.

ती पुन्हा आली नाही. तिला अभ्यास आहे, असं मी मुलांना सांगत राहिलो.

खोडलेल्या चुकीला निदान वहीत जागा असते. फाडलेल्या पानावर रेघ मारायची तरी कुठे?

सानियानं वही माझ्या सहीसाठी पुढे केली. मी पेन उघडलं, आणि सही करण्याऐवजी त्या पानांचं सगळं मुलांना सांगून टाकलं. मग सानियानं वही हळूच परत ओढून घेतली.

"आधी ऋचाला सांगा, सर. सही नंतर."