बंद कंपनीचा भोंगा आणि माझा बोर्ड

नमस्कार. गूढ अनुभवांच्या या सदराची मी बरीच जुनी वाचक आहे, लिहितेय मात्र पहिल्यांदाच. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे चुका सांभाळून घ्या. आणि एक आधीच सांगते – माझा असल्या गोष्टींवर विश्वास नव्हता. अनुभव वाचायला आवडायचे, पण वाचून झाल्यावर मनात म्हणायचे, "काहीतरी साधं कारण असणार, यांनी नीट शोधलं नाही." आता माझ्याबद्दल कोणी तसं म्हटलं तर मला राग येणार नाही. मी मात्र नीट शोधलं होतं.

मी सर्किट बोर्ड डिझाइन करते. नोकरी सोडून चिंचवडला एमआयडीसीत अर्धा गाळा घेतला होता. उरलेल्या अर्ध्यात रशीदभाईंचं मोटर वाइंडिंगचं दुकान. मी जो बोर्ड बनवत होते तो उपग्रहांकडून वेळ घेतो. उपग्रहांमधली घड्याळं फार अचूक असतात. माझा बोर्ड गच्चीवरच्या अँटेनातून त्यांचं ऐकतो आणि दर सेकंदाला एक पल्स देतो. त्या एका ठोक्यावर कारखान्यातली दहा वेगवेगळी यंत्रं एकमेकांशी जुळवता येतात. परदेशी डबे हेच काम करतात, पण ते सीलबंद. बिघडला की डबा परत पाठवा आणि वाट बघा. माझं डिझाइन खुलं होतं. सगळी ड्रॉइंग्ज इंटरनेटवर – कोणीही घ्या, बनवा, सुधारा.

"म्हणजे टाइम सांगतं," रशीदभाई म्हणाले होते.

"हो, पण फार अचूक."

"बेटा, टाइम तर माझं घड्याळ पण सांगतं. आणि त्याला गच्चीवर छत्री लागत नाही."

चाकणच्या एका कंपनीच्या टेस्टिंग विभागाने बोर्ड बघायची तयारी दाखवली होती. तिथले मॅनेजर देसाई सर फोनवर स्पष्टच म्हणाले, "मॅडम, एक दिवस आमच्या रॅकवर चालवू. मधे एकदा जरी उडी मारली तरी आम्ही इम्पोर्टेड घेणार. कॉलेज प्रोजेक्ट लावून ठेवायला जागा नाही आमच्याकडे." मी बाबांना सांगून टाकलं होतं – चाकणवाले नाही म्हणाले तर पुन्हा नोकरी.

आणि बोर्ड उड्या मारत होता.

स्क्रीनवर दोन रेषा असायच्या. एक ओळखीच्या लॅबमधून उसन्या आणलेल्या खात्रीच्या घड्याळाची, दुसरी माझ्या बोर्डाची. दोन्ही एकावर एक बसायला हव्यात. बसायच्याही. तासन्‌तास बसायच्या... आणि मग अचानक माझी रेषा टुणकन बाजूला. क्षणभरच. परत जागेवर. ज्यांनी माझी ड्रॉइंग्ज घेऊन आपापल्या देशात बोर्ड बनवले होते त्यांना विचारलं, तर एकाचंही उत्तर वेगळं नाही – आमच्याकडे असं होत नाही. सगळ्यात वाईट दोष हाच असतो, जो तुम्ही बघत असताना येत नाही. चहाचा कप उचलायला वळलं की येतो.

एका दुपारी मी सोल्डरिंग करत होते आणि भोंगा वाजला. कारखान्याचा भोंगा. लांबून, चढत गेला, मधे किंचित तुटला, पुन्हा चढला. मी सहज मान वर केली आणि माझ्या डोळ्यांसमोर रेषा उडाली. पहिल्यांदाच मी ती उडताना बघत होते.

दुसऱ्या दिवशी पुन्हा. आधी भोंगा, लगेच उडी.

"रशीदभाई, हा कुठल्या कंपनीचा भोंगा?"

त्यांनी कॉइलवरून नजर काढली. "कुठला भोंगा?"

"आत्ता वाजला तो."

"काही वाजलं नाही बेटा. इथली भोंग्याची कंपनी बंद पडली, तिथे टॉवर झाले. स्विमिंग पूलवाले." मग जरा निरखून, "जेवलीस का तू?"

पुढच्या वेळी मी फोनवर रेकॉर्डिंग चालू ठेवलं. भोंगा मी स्पष्ट ऐकला. रेकॉर्डिंगमध्ये रशीदभाईंची मोटर होती, बाहेर रिव्हर्स घेणारा टेम्पो होता, माझ्या खुर्चीची कुरकुर होती. भोंगा नव्हता. कान तपासून घेतले. कान उत्तम.

मी घाबरट आहे, हे ओळखीतले सगळे जाणतात. अनोळखी माणसाला पत्ता विचारायचा तरी मी आधी मनात वाक्य जुळवते. पण या भोंग्याची भीती वाटली नाही – खरं सांगते. कारण माझ्या लक्षात आलं, की मला जी एक गोष्ट हवी होती ती मिळाली होती. दोष येण्याआधी कोणीतरी वर्दी देत होतं.

मग मी ती वापरली. स्कोप म्हणजे विजेचा चढउतार स्क्रीनवर रेषेत दाखवणारं यंत्र; त्याची टोचणी, म्हणजे प्रोब, बोर्डाच्या एका भागाला लावायचा आणि वाट बघायची. भोंग्याची वेळ ठरलेली नव्हती. कधी सकाळी, कधी जेवताना. वाजला की हातातलं टाकून फक्त प्रोबची रेषा बघायची. अँटेनाची वीज? स्थिर. मुख्य चिप? स्थिर. असं करत करत मी बोर्डाच्या कोपऱ्यात पोचले. तिथे वेळ धरून ठेवणारा क्रिस्टल आहे आणि त्याच्या शेजारी त्याला सलग वीज देणारा, तांदळाच्या कणीएवढा कपॅसिटर. भोंगा वाजला आणि तिथली वीज खचली.

भिंगाखाली बघितलं. कणीला केसासारखी चीर गेली होती. बरोबर शेजारी बोर्ड बसवायचा स्क्रू.

मी स्वतःशीच मोठ्याने हसले. कारण तो स्क्रू मी कसा आवळते ते मला माहीत होतं. माझे बाबा आयुष्यभर फिटर. त्यांनी मला पाना धरायला शिकवलं तेव्हाच सांगितलं होतं – "घट्ट झाला की अजून पाव फेरा. गाडीचा पार्ट हाय, हादऱ्यानं सुटला न्हाई पायजे." आमच्या पट्ट्यात सगळेच असा आवळतात. रशीदभाईसुद्धा. त्या जादा पाव फेऱ्याने बोर्ड किंचित वाकत होता आणि कपॅसिटर चिरत होता. बाकी जगात लोक स्क्रू दोन बोटांनी हलके फिरवतात, म्हणून कोणाकडेच हा दोष येत नव्हता!

पण चूक पाव फेऱ्याची नव्हती, माझी होती. चाकणमध्ये बसणारा बोर्ड चाकणची माणसं आवळणार तसा आवळला तरी चालायलाच हवा. मी कपॅसिटर स्क्रूपासून लांब नेला, नवे बोर्ड बनवून घेतले, सुधारलेली ड्रॉइंग्ज सगळ्यांसाठी टाकली. मग बाबांना गाळ्यावर बोलावलं.

"आवळा. तुमच्या पद्धतीने."

"मोडला तर रडू नको."

"आवळा हो बाबा."

त्यांनी पाव फेऱ्यावर अजून थोडा दिला. रेषा हलली नाही. दिवसभर नाही. भोंगाही वाजला नाही.

तेव्हा मी त्यांना भोंग्याचं सांगितलं. मला वाटलं हसतील. त्यांनी विचारलं, "कसा वाजायचा?" मी तोंडाने काढून दाखवला – चढणारा, मधे तुटणारा, पुन्हा चढणारा.

बाबांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर तसाच राहिला.

"मधी तुटायचा?"

"हो."

"आमच्या कंपनीचा हाय हा. व्हॉल्व्ह खराब होता त्याचा. कितीदा सांगितलं, कोणी बदलला न्हाई. तू कुठं ऐकलास?"

जिथे आता टॉवर आहेत ती ही कंपनी मी जन्मायच्या आधी बंद पडली. घरात तिच्याबद्दल कधी कोणी फारसं बोलत नाही. तिच्या भोंग्याचा व्हॉल्व्ह खराब होता, हे मला कोण सांगणार? कोपऱ्यातून रशीदभाई मोटर बंद करून आमच्याजवळ आले.

चाकणला मी एकटीच गेले. देसाई सरांच्या माणसाने बोर्ड रॅकवर बसवला – अर्थात जादा पाव फेरा देऊन. सकाळ गेली. रेषा एकावर एक. मी जेवणाचा डबा उघडलाही नाही. दुपार कलत आली, सर येऊन मागे उभे राहिले. आता थोडाच वेळ राहिला होता...

आणि भोंगा वाजला.

डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत. भोंगा चढत गेला, चढत गेला. रेषा तशीच. सुतासारखी सरळ. भोंगा थांबला तरी तशीच.

मागून देसाई सर म्हणाले, "हा कुठला भोंगा? आपल्याकडे तर बझर आहे."

मी मागे वळले. त्यांचा रॅकवरचा माणूस म्हणाला, "कसला भोंगा सर?"

"अरे आत्ता वाजला की एवढा मोठा!" मग स्क्रीनकडे बघत, "जाऊ दे. मॅडम, बोर्ड काढू नका. राहू दे इथेच. अजून चार रॅक आहेत, त्यांचंही बघा."

गेटबाहेर येऊन मी बाबांना फोन केला. आधी बोर्डाचं सांगितलं. ते इतक्या जोरात "शाब्बास!" म्हणाले की शेजारचा रिक्षावाला वळून बघायला लागला. मग भोंग्याचं सांगितलं, सरांनीही ऐकल्याचं.

त्यांनी एकच विचारलं,

"मधी तुटला का?"

मी आठवून बघितलं. "नाही. सलग वाजला."

"मग झाला म्हणायचा दुरुस्त," बाबा म्हणाले आणि हसले. त्यांचा आवाज जरा ओला होता. "ये घरी."

त्यानंतर मला तो भोंगा ऐकू आलेला नाही. बोर्ड त्या रॅकवर चालतोय, आणि इतर कुठे कुठे लोक तो बनवतायत, हवा तेवढा आवळतायत. दोषाचं कारण मी शोधलं. ते ड्रॉइंगमध्ये आहे, कोणीही तपासून बघा. भोंग्याचं कारण मात्र मला आजही सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सापडलं तर जरूर सांगा.