सुकेळी कोण उलटत होतं?

इथल्या भुताखेतांच्या गोष्टी मी दुपारी वेळ जावा म्हणून वाचते, विश्वास ठेवून नाही. आमच्या विहिरीवर बाई दिसते असं कोणी म्हणालं तर मी म्हणते, पंप न्यायला आली असेल, आधी कुलूप बघा. त्यामुळे आज स्वतःच लिहायला बसले तर अवघडल्यासारखं होतंय. पण जे घडलं ते घडलं... आणि ते पाहणारी मी एकटी नव्हते, म्हणून लिहिते.

आम्ही उमेळ्याचे, वाडीवाले. आता तिन्ही बाजूंनी बिल्डिंगी आल्या आहेत, मधे आमचा तुकडा उरलाय. त्यात राजेळी केळी अजून आहे आणि तिची सुकेळी मी करते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते — पिकलेली राजेळी सोलून बांबूच्या ताट्यांवर उन्हात मांडायची, भर दुपारी एकेक करून उलटायची, दव पडायच्या आत गोळा करून झाकायची. आठवडाभराने मधासारखा रंग येतो. मग केळीच्या सुक्या पानात घट्ट गुंडाळून केळीच्याच सोपाच्या, म्हणजे खोडाच्या सालीच्या, दोरीने बांधायची. दोन वेढे आणि टोक उलटं आत, ही माझी गाठ. गिऱ्हाइकं गाठ बघून ओळखतात की पुडकं माझं. दुपारचं उलटणं चुकलं तर मात्र खालची बाजू आंबते आणि अख्खी ताटी फेकून द्यावी लागते.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता मला चिकनगुनिया झाला. ताप आठवड्यात उतरला. सगळे म्हणाले, सुटलीस. कसली सुटतेय! सकाळी उठलं की बोटं लाकडाची. चहाचा कप दोन्ही तळव्यांत दाबून धरायचा. ब्लाउजचे हुक लावायला नवऱ्याला हाक मारायची. फडकं पिळता येईना, बरणी उघडता येईना, पाऊल टेकलं की टाचेत काच घुसल्यासारखी कळ. आणि दुपार झाली की असा थकवा, की बसल्या जागी डोळे मिटायचे. डॉक्टर म्हणाले, "काहींना महिनोन्महिने राहतं. धीर धरा." तो कुठल्या मेडिकलमध्ये मिळतो ते सांगितलं नाही.

दिवाळीनंतर घड तयार झाले. आमचे हे बोळिंजला एका हार्डवेअरच्या दुकानात असतात. जेवताना माझ्या ताटात भाकरीचे तुकडे करून देता देता म्हणाले, "यंदा राहू दे. आणि खरं सांगू का... हात असेच राहिले तर राजेळी ठेवून तरी काय करायचं? शेजारच्या बिल्डिंगवाले गाड्या लावायला जागा मागतायत."

चिडून बोलले असते तर मी भांडले असते. ते प्रेमाने बोलले, म्हणून जास्त लागलं.

"एवढा एक मोसम बघू," मी म्हटलं. "नाहीच जमलं तर काढा."

मग असं ठरलं, की सकाळी कामावर जाण्याआधी हे केळी सोलून ताट्यांवर मांडणार, संध्याकाळी लवकर येऊन गोळा करणार. दुपारचं उलटणं तेवढं माझ्याकडे. पहिल्याच दुपारी, ऊन डोक्यावर येईपर्यंत जरा पाठ टेकू म्हणून मी ओटीवरच्या खाटेवर आडवी झाले.

ती धड झोपही नव्हती. डोळे मिटलेले, तरी ऊन दिसत होतं... केळीच्या पानांतून गाळून आलेलं, हिरवट. विहिरीच्या पाण्याची तिरीप छताच्या वाशांवर हलत होती आणि मला वाटत होतं, आपण त्या पाण्याच्या तळाशी पडून आहोत, अंगाला वजन नाही, कुठे काही दुखत नाही. बिल्डिंगच्या कामाची ठोकाठोक वरून, फार लांबून येत होती. जाग आली तेव्हा ऊन कलंडलं होतं. लंगडत ताट्यांपाशी गेले —

सगळी केळी उलटलेली होती. एकूण एक. केळ्यांचा बाक एकाच दिशेला, मी ठेवते तशी.

मला वाटलं, हे मधेच येऊन गेले असतील. विचारलं तर म्हणाले, "शेठ दुपारचा सोडतोय होय मला! तूच उलटली असशील, गोळीच्या गुंगीत."

मी हात पुढे केले. मूठ अर्धीसुद्धा मिटत नव्हती.

दुसऱ्या दिवशी तेच. मग रोजच. जागं राहायचं ठरवायची, पाण्याच्या तळाशी जायची, आणि उठून बघावं तर काम झालेलं.

कुंपणापलीकडे फिलोमिना राहते, माझी फिलू. दोघी लग्न होऊन आलो तेव्हापासूनची मैत्री. मोसमाचं पहिलं पुडकं नाताळला तिच्या घरी जातं, हे ठरलेलं. आजारपणात ती रोज येऊन माझं पीठ मळून द्यायची, डब्यांची झाकणं सैल करून ठेवायची. ती अचानक यायची बंद झाली. मी कुंपणाशी जाऊन हाक मारली तर तिच्या बोलीत अशी तडतडली... मी इथे साध्या मराठीत लिहिते.

"काय गो सुनंदा, संपलं नाय का सोंग अजून?"

"कसलं सोंग?"

"माझे गुडघे मोडलेत तरी मी तुझं पीठ मळायला येते. आणि दुपारी बघते तर बाई हिरवा गाऊन घालून ताट्यांवर झपाझप! बोटं तर काय चालतायत! हाक मारली तर वळून बघितलं पण नाय."

"मी त्या वेळी झोपलेली असते, फिलू."

"व्वा! झोपेत सुकेळी उलटते. उद्या झोपेत वरातीत नाचशील."

एरवी मीही दोन सुनावल्या असत्या. पण हिरवा गाऊन म्हटल्यावर मी तशीच घराकडे वळले. त्याला पुढून बटणं आहेत. ती लावता येत नाहीत म्हणून तापानंतर मी तो एकदाही अंगात घातला नव्हता. धुऊन, घडी करून कपाटात होता. घरात आले, तर कपाटाच्या फटीतून मुंग्यांची रांग आत गेलेली. गाऊनच्या बाह्यांवर आणि पोटापाशी चिकट डाग. राजेळीचा वास.

भीती वाटली का? नाही. राग आला. ताप नाही, जखम नाही, रिपोर्ट बरे... त्यामुळे माझं दुखणं आधीच कोणाला खरं वाटत नव्हतं. जाऊबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "वय झालं गं, आपण मनाला लावून घ्यायचं नाही." आणि आता ही कोण बाई, माझाच गाऊन घालून मला खोटी पाडत होती!

मी फिलूला निरोप धाडला — उद्या दुपारी माझ्याजवळ येऊन बस, मग काय ते बोल.

आली. तोंड वाकडं करूनच आली, मांडीत तुरीच्या शेंगा घेऊन. मी खाटेवर आडवी, ती शेजारी खुर्चीत. शेंगा सोलल्याचा टकटक आवाज, वाशांवर हलणारं ऊन... मी हळूहळू खाली चालले होते. मग तो टकटक आवाज थांबला. मी डोळे उघडले.

ताट्यांपाशी एक बाई पाठमोरी उभी होती. हिरवा गाऊन, केस वर गुंडाळलेले, पायात माझ्या निळ्या स्लिपर. ऊन तिच्या आरपार वगैरे जात नव्हतं, चांगली सावली पडली होती. थंड वारा नाही की कुत्र्यांचं रडणं नाही. ती फक्त काम करत होती. चिमटीत केळं, मनगटाला एक वळसा, पुढचं... पुढचं... मी स्वतःला काम करताना कधी पाहिलं नव्हतं. कोण पाहतं? इतके हलके चालायचे माझे हात? मला बघतच राहावंसं वाटलं.

फिलूने माझा हात इतका आवळला की सांध्यांतून कळ गेली. म्हणून तर खात्रीने सांगते, की मी जागी होते.

"सुनंदा... तू इथे आहेस."

"आहे."

"मग ती?"

"ती पण मीच दिसतेय."

फिलूने क्रुसाची खूण केली आणि पुटपुटायला लागली. माझं लक्ष मात्र भलतीकडेच गेलं होतं. शेवटच्या ओळीत ती केळी एकमेकांना चिकटवून ठेवत होती. ही माझी जुनी खोड, जागा वाचवायची. तिथे हवा लागत नाही. माझ्या तोंडून निघूनच गेलं,

"शेवटची ओळ सैल ठेव गं!"

तिचे हात थांबले. वळली नाही. मग तिने एकेक केळं बोटभर सरकवलं, हात गाऊनला पुसले आणि केळीच्या झाडांच्या रांगेत शिरली. पानं हलली... हलायची थांबली. आम्ही दोघींनी जाऊन कपाट उघडलं. गाऊन घडीतच होता. मुंग्या चढत होत्या.

फिलू म्हणाली, "पीठ कुठं ठेवलंस?" आणि मळायला बसली.

ह्यांना रात्री सगळं सांगितलं. हसतील असं वाटलं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, आणि सकाळी निघताना ताट्यांजवळ पाण्याचा तांब्या भरून, वर पेला पालथा घालून ठेवला. म्हणाले, "उन्हात उभी असते ना." गाड्यांच्या जागेचा विषय त्यानंतर घरात निघाला नाही.

पुडकी मात्र त्या मोसमात ह्यांनी आणि फिलूने बांधली, त्यांना येईल तशी. माझी गाठ दोघांनाही जमली नाही.

उन्हाळ्यात बोटं थोडी थोडी सुटायला लागली. एका दुपारी मी स्वतः एक ताटी उलटली — हळू, मधे मधे बसत, दात आवळून. त्यानंतर ती कुणाला दिसली नाही. फिलू कुंपणावरून डोकावून बघायची. एकदा म्हणाली, "आता एकच आहेस गो." मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही... पण दुपार जरा रिकामी वाटली, हेही खरं.

गाऊनची बटणं काढून मी चेन लावून घेतली. वापरते. यंदाचा मोसम माझ्याच हातांनी चाललाय. दोरीचं टोक उलटं आत घालायला बोट अजून वळत नाही, म्हणून साधी सरगाठ मारते. गिऱ्हाइकं विचारतात, गाठ का बदलली? मी सांगते, हात बदलले.

परवा नाताळसाठी फिलूचं पुडकं काढायला टोपलीत हात घातला. सगळी पुडकी सरगाठीची, आणि तळाशी एकच... दोन वेढे, टोक उलटं आत. गेल्या वर्षीचं राहिलं म्हणावं, तर गेल्या वर्षी ही गाठ कोणी मारलीच नव्हती. पान कोरं, आत सुकेळी मऊ, ताजी.

तेच फिलूला दिलं. तिने गाठीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, "हिला माझा सलाम सांग."

डॉक्टरांना हे सांगितलेलं नाही. कोणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, फक्त भूत म्हणू नका, कारण मी जिवंत आहे. हे अजून रोज सकाळी ताट्यांजवळ तांब्या भरून ठेवतात. दुपारी काम करताना मलाही तहान लागते, पण त्याला मी हात लावत नाही. घरात जाऊन पिते.