कार्डिफमध्ये मी नऊ तास रडले म्हणे

हीथ्रोच्या खिडकीतल्या अधिकाऱ्याने विचारलं, "किती दिवस राहणार?"

"पाच आठवडे. धाकट्या भावाकडे, कार्डिफला."

"ऑगस्टमध्ये? छत्री आणली आहे ना?" असं म्हणून त्याने शिक्का मारला. २००९ साली त्या देशाने माझ्याबद्दल दाखवलेला संशय एवढाच.

मी सांगलीची. जिल्हा परिषदेत एकतीस वर्षं नोकरी केली आणि त्यातली बरीचशी सभांची इतिवृत्तं लिहिण्यात घालवली. सदस्य सभेत काय बोलले आणि आपण काय बोललो असं त्यांना आठवड्याने वाटतं, या दोहोंमधलं अंतर ओळखून असणं हेच माझं पोटापाण्याचं काम. निवृत्तीनंतर लोकप्रतिनिधींपासून थोडं लांब जावं म्हणून सात समुद्र ओलांडले. तेवढं अंतर पुरलं नाही.

श्रीकांत गाडी घेऊन आला होता. तो कार्डिफच्या सरकारी इस्पितळात भूलतज्ज्ञ आहे. स्लाऊची गोदामं मागे पडली, मग तीन तास हिरवीगार कुरणं आणि त्यात जागच्या जागी उभ्या मेंढ्या. सेव्हर्न नदीच्या पुलावर टोल भरावा लागला. "वेल्समध्ये शिरायला पैसे पडतात," श्रीकांत म्हणाला, "बाहेर पडायला फुकट." पुलापलीकडे रस्त्यावर मोठ्या अक्षरांत 'आराव' (सावकाश) असं लिहिलेलं दिसू लागलं. ते वाचून वेग कमी करणारा एकही माणूस मला दिसला नाही, त्यामुळे लगेच घरच्यासारखं वाटलं.

मेधाने, म्हणजे श्रीकांतच्या बायकोने, त्या संध्याकाळी लीकची पीठ पेरून भाजी केली होती. लीक म्हणजे आपल्या कांद्याच्या पातीची धिप्पाड थोरली बहीण. जेवताना टीव्हीवर बातम्या चालू होत्या. अमेरिकेत प्रत्येकाला डॉक्टर परवडावा की नाही यावर तेव्हा मोठं भांडण पेटलं होतं. ज्यांचं म्हणणं 'नाही' असं होतं, ते पुढारी ब्रिटनकडे बोट दाखवत होते. इथले सरकारी डॉक्टर म्हाताऱ्यांना मरू देतात, असं एक जण शपथेवर सांगावं तशा चेहऱ्याने सांगत होता.

"सतरा वर्षं मी भूल देतोय, ताई," श्रीकांत म्हणाला. "माणसं उठतात परत."

"अरे, तो तिकडे. तुझं काय जातंय?" मी म्हटलं. पंधरा दिवसांनी काय जातं ते कळलं.

माझी भाची इरा सोळा वर्षांची. जन्म कार्डिफचा, मराठी गोड आणि लिंगविचार स्वतंत्र. तिच्याबरोबर मी पेनार्थला समुद्रावर गेले. धक्क्यावर आइस्क्रीम घेतलं, दगडी पायऱ्या उतरू लागले. शेवटची पायरी शेवाळलेली होती. आइस्क्रीम वाचवावं की स्वतःला, हा निर्णय मी चुकीचा घेतला.

"आत्या, तुझा मनगट वाकडी झाली," इरा म्हणाली आणि रडायला लागली.

टॅक्सीने थेट श्रीकांतच्याच इस्पितळात गेलो. तो शस्त्रक्रियेत अडकला होता, म्हणून अपघात विभागात इतरांसारखं नाव लिहून बसलो. ग्वेन नावाची पन्नाशीची नर्स आली. तिने हात पाहिला, झोळी बांधली, वेदनेची गोळी दिली आणि मला 'कारियाद' (लाडके) म्हणाली. जिल्हा परिषदेत मला असं कुणी कधी म्हटलं नव्हतं. समोर भिंतीवर घड्याळ होतं. सवयीने मी वेळ लक्षात ठेवली: आल्यापासून एक तास पन्नास मिनिटांनी एक्स-रे होऊन, हाड जागेवर बसवून, प्लास्टर घातलेलं होतं. मधल्या वेळात ग्वेनने टोस्ट आणि चहा आणून दिला. चहा गार होता.

"पैसे कुठे भरायचे?" मी विचारलं.

"इथे असा खिडकीच नाही, आत्या," इराने डोळे पुसत सांगितलं. ग्वेनने मला 'दिओल्ख' (आभारी आहे) म्हणायला शिकवलं आणि तेवढं पुरे, असं सांगितलं.

प्लास्टर वाळायची वाट पाहत बसले होते, तेवढ्यात गडबड झाली. इस्पितळाचे व्यवस्थापक पुढे, मागे कॅमेरा, आणि मध्ये उंच, गुलाबी, अतिशय पांढऱ्या दातांचे एक गृहस्थ. अमेरिकेच्या मधल्या कुठल्याशा राज्यातून निवडून आलेले प्रतिनिधी होते. इथली व्यवस्था 'खुल्या मनाने' पाहायला आले होते. त्यांचं खुलं मन हिंडत हिंडत माझ्या प्लास्टरपाशी थांबलं. फोटो घेतला तर चालेल का, असं त्यांच्या सेक्रेटरीबाईंनी विचारलं. मी हो म्हटलं. चूक तिथे झाली.

त्यांनी माझा धड हात दोन्ही हातांत धरला.

"मॅडम, किती थांबावं लागलं?"

"इथे दोन तासही नाही," मी म्हटलं. "भावाकडे यायला मात्र नऊ वर्षं थांबले. तो इथेच डॉक्टर आहे."

ते कॅमेऱ्याकडे पाहून खिन्नपणे मान हलवत राहिले. सेक्रेटरीबाईंनी वहीत काहीतरी टिपलं. उलटं वाचायची कला मला नोकरीत साधली आहे. वहीत फक्त एक आकडा होता, नऊ. मला वाटलं, बाई आळशी आहेत. त्या अतिशय कार्यक्षम होत्या.

दहा दिवसांनी इरा लॅपटॉप घेऊन आली. "आत्या, हा बघ. पण रागवू नको."

आमचे प्रतिनिधी भल्यामोठ्या सभेत बोलत होते. मागच्या पडद्यावर माझा फोटो, प्लास्टरसकट. आपण वेल्समधल्या इस्पितळाच्या थंड कॉरिडॉरमध्ये एका गरीब आजीला भेटलो, हात मोडलेला, नऊ तास कुणी विचारलं नाही, तिच्या डोळ्यांतून अश्रू वाहत होते. "आणि मित्रहो, तिचा सख्खा भाऊ त्याच इस्पितळात डॉक्टर आहे. त्यालासुद्धा तिच्यासाठी काही करता आलं नाही." इथे त्यांचा स्वतःचा आवाज दाटून आला. सभा उभी राहिली. टाळ्यांच्या कडकडाटात मी माझाच रडका इतिहास ऐकला. माझं लग्न झालेलं नाही, तेव्हा नातवंडं त्यांनी कुठून आणली हे गूढच होतं.

मी हसले, पण श्रीकांत हसला नाही. ती चित्रफीत इस्पितळातही पोचली होती. व्यवस्थापकांनी त्याला बोलावून, तुमच्या बहिणीची काही तक्रार होती का, असं नम्रपणे विचारलं. इथे नम्रपणे विचारलं म्हणजे प्रकरण गंभीर असतं. पण त्याला लागलं होतं ते दुसरंच.

"ग्वेन आज समोरून आली आणि न बोलता गेली," तो म्हणाला. "सतरा वर्षांत पहिल्यांदा."

मी त्याच संध्याकाळी त्या प्रतिनिधींना ई-मेल लिहिला. चार मुद्दे, क्रमवार. मिनिटाच्या आत उत्तर आलं. एवढं तत्पर उत्तर मला कुठल्याच कार्यालयाकडून मिळालेलं नाही. 'प्रिय मैत्रिणी, तुमची वेदनादायक कहाणी धैर्याने सांगितल्याबद्दल आभार. अशा आवाजांमुळेच आम्हाला लढण्याचं बळ मिळतं.' खाली त्यांची सही आणि दात.

दुसऱ्या दिवशी दुपारी इराला घेऊन इस्पितळात गेले. ग्वेन बाहेरच्या बाकावर सँडविच खात बसली होती. मला पाहून तिने सँडविच डब्यात ठेवून दिलं.

"मी तुम्हाला टोस्ट दिला होता," ती म्हणाली.

ते वाक्य मला त्या सबंध भाषणापेक्षा जास्त लागलं. मी काय बोलले होते ते तिला शब्दशः सांगितलं. माझ्या इंग्रजीला जिथे दम लागला तिथे इराने हात दिला. ग्वेनने ऐकून घेतलं.

"तुम्ही रडला नव्हता, ते मला आठवतंय," ती इराकडे पाहत म्हणाली. "ही रडत होती. पण हे मला सांगून काय उपयोग? मी तिथेच होते. जे नव्हते त्यांना सांगा."

म्हणून मी स्थानिक रेडिओला फोन केला. त्यांना अशीच म्हातारी हवी होती. दोन दिवसांनी स्टुडिओत गेले, तर तिथे आधीच एक गृहस्थ बसलेले. ते इथल्या सभागृहाचे निवडून आलेले सदस्य. त्यांना रेडिओवाल्यांनी बोलावलं होतं की ते वासाने आले होते, कळलं नाही. माझ्या साडीचं कौतुक करून ते हळूच म्हणाले, "आमची सेवा जगात सर्वोत्तम आहे, एवढं तुम्ही म्हणालात तर फार बरं होईल. आणि थांबावं लागलंच नाही, असं."

"पण थांबावं लागलं," मी म्हटलं.

"हो, पण थोडंसंच. ते सोडूनच द्या ना."

अमेरिकेच्या प्रतिनिधींनी माझे सात तास वाढवले होते, हे दोन तास वजा करायला निघाले होते. दोघांच्या मध्ये मी, माझं प्लास्टर आणि ते घड्याळ.

मायक्रोफोनसमोर मी घडलं ते सांगितलं. एक तास पन्नास मिनिटं. डॉक्टर नीट वागले. नर्सने मायेनं पाहिलं. पैसे घेतले नाहीत. टोस्ट चांगला होता, चहा गार होता. मी रडले नाही आणि मी कुणाची आजी नाही.

"म्हणजे ते अमेरिकन खोटं बोलले?" निवेदिकेने आशेने विचारलं.

"मी माझ्यापुरतं सांगितलं," मी म्हटलं. "आकडा कसा बदलला ते त्यांना विचारा. माझ्या ई-मेलला त्यांनी फार प्रेमाने उत्तर दिलंय."

गार चहापाशी सभागृहाच्या सदस्यांचा चेहरा पडला तो शेवटपर्यंत वर आला नाही. जाताना त्यांनी फोटोही घेतला नाही.

संध्याकाळी श्रीकांत घरी आला तो सैल होऊन. व्यवस्थापकांनी रेडिओ ऐकला होता, कॉरिडॉरमध्ये थांबून त्यांनी माझ्या हाताची चौकशी केली होती. "आणि ग्वेन म्हणाली, चहाचं सांगायची काही गरज नव्हती," तो हसत म्हणाला. मी निघायच्या आदल्या रविवारी ती घरी आली, मेधाच्या हातचे पोहे दोनदा घेतले आणि जाताना, प्लास्टर सांभाळत, मला 'कुच्' (घट्ट मिठी) दिली. इतकी वर्षं आपल्या चांगुलपणाबद्दल कुणी रेडिओवर बोललं नव्हतं, असं ती इराला म्हणाली. मला म्हणाली नाही.

सप्टेंबरात परत आले. सांगलीच्या डॉक्टरांनी प्लास्टर कापलं आणि हाड छान बसलंय म्हणाले. एकतीस वर्षं लोकप्रतिनिधींना जवळून पाहूनही मला वाटायचं की खोटं बोलायला आधी खरं ऐकून घ्यावं लागत असेल. तेवढे कष्ट कुणी घेत नाही, हे मात्र परदेशात जाऊन शिकले.

नोव्हेंबरात इराचा फोन आला. तिचा आवाज चाचरत होता.

"आत्या, त्याचा नवा भाषण आला आहे. तू त्याच्यात... तू मेला."

"मेला नाही, मेली," मी म्हटलं. "कधी?"

"थांबून थांबून. त्या कॉरिडॉरमध्येच. सगळे लोक रडत होते."

दुसऱ्या दिवशी सकाळी मला बँकेत जायचंच होतं. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात जिवंत असल्याचा दाखला द्यावा लागतो. काउंटरवरच्या साहेबांनी माझ्याकडे एकदा पाहिलं, सही केली, शिक्का मारला. मी दुसरा कोरा फॉर्म भरून पुढे सरकवला.

"एक पुरतो, मॅडम. हा कुठे द्यायचाय?"

"अमेरिकेत," मी म्हटलं.

त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे पाहिलं, खात्री करून घेतली आणि दुसऱ्यावरही शिक्का मारला.