सुरंगीची अर्धी वेणी
सुरंगीचा वास आला की अजून जीव घाबरा होतो. घरात सुना आल्यानंतरची गोष्ट. शेजारीण कायमची मुंबईला लेकाकडे निघाली, म्हणून मी तिची ओटी भरत होते. तिने आपली सुरंगीची वेणी तोडून अर्धी माझ्या अंबाड्यात माळली. तिची बोटं मानेला लागली आणि मला रडू आवरेना. "रडतंस कित्याक गो? तुझो घोव चललो काय?" जाऊ हसली. तेव्हा उमगलं, नवऱ्यासाठी माझा जीव असा कधी तुटलाच नव्हता. लहानपणापासून माझा जीव बायांवरच जडत आला होता. तिला घेऊन मोटार गेली. संध्याकाळी हे कौतुकाने म्हणाले, "सुरंगी शोभता तुका." मी खाली मान घालून भाकरी थापत राहिले. आता हेही नाहीत. सुरंगी माळायची सोय उरली नाही, आणि ती कोणासाठी माळावीशी वाटते हे सांगायची तर कधीच नव्हती.