जिवंत चुलत्याचं तेरावं

गावात सांगतात, बिभीषणनानानं सख्ख्या चुलत्याला मारलं, तेही मोबाइलवरून. आष्टीच्या बाजारात पोचेपर्यंत या गोष्टीत विषाची बाटली आली. उमापूरच्या पाहुण्यांपर्यंत जाताना पोलीसही आले. खरं एवढंच की चुलते विठ्ठलराव, म्हणजे आबा, आजही दोन वेळा भाकरी कुस्करून खातात आणि मधल्या वेळात लोकांना शिव्या देतात. नानानं त्यांना फक्त ब्लॉगवर मारलं. डोक्यावरचे केस मात्र लोकांचे खरेच गेले.

नाना आमचा गिरणीवाला. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानातले केससुद्धा पांढरे. आंघोळ केली की दहा वर्षांनी लहान दिसतो, म्हणून लोक ओळखणार नाहीत या भीतीनं रोज करत नसावा. त्याला लेखक व्हायचं होतं. एक कादंबरी त्यानं स्वतः छापली आणि तिच्या प्रती पाहुण्यांच्या लग्नात आहेर म्हणून वाटल्या. एका नवरदेवानं पुस्तक उलटं धरून झटकलं, आतून काही पडलं नाही म्हणून ते पाटाखाली सरकवलं. ती कादंबरी वाचलेला माणूस मला अजून भेटायचाय. नानाच्या बायकोला विचारलं, तर म्हणाली, "मी कशाला वाचू? माझ्यापुढंच लिहिली की."

मग नाना कुठल्याशा साहित्य शिबिराला जाऊन आला. मला नकलांची खोड, तिथल्या सरांचा आवाज मी नानाकडूनच उचलला. नाकातून बोलायचं, डोळे अर्धे मिटायचे, "लेखकानं वाचकाच्या दारी गेलं पाहिजे. ब्लॉग काढा. वाचकाशी नाळ जोडा." नानानं गिरणी चालू असतानाच ब्लॉग काढला आणि नाव ठेवलं 'गिरणीवरून'. पहिला लेख होता 'हे जीवना'. तो मी पट्ट्याच्या आवाजासकट म्हणायचे आणि दळणाच्या रांगेतल्या बायका पाट्या खाली ठेवून हसायच्या, "हे जीवना, फट् फट्, तू कोण आहेस, फट् फट्, अन् ही ज्वारी कुणाची हाय?" लेख तिघांनी पाहिला. एकदा नानानं, पुन्हा नानानं आणि चुकून मी.

दिवाळी झाली आणि दरसालप्रमाणं अर्धं गाव ऊसतोडीला गेलं. नानाचा चुलतभाऊ बजरंगही घराला कुलूप लावून, सगळी भावकी टोळीत घेऊन कर्नाटकात गेला. त्याची सून बबिता बारावी शिकलेली. तिकडं उसाच्या फडाशेजारच्या पाचटाच्या कोपीत बसल्या बसल्या तिनं मोबाइलवर गावाचं नाव टाकलं आणि तिला 'गिरणीवरून' सापडलं. संध्याकाळी बायका भाकरी थापायच्या, ती मोठ्यानं वाचायची. वाचून झालं की खाली सासूचा निरोप लिहायची. पहिला निरोप असा होता, "केसरबाई म्हणती, जीवनाचं राहू द्या. गावात नळाला पाणी येतंय का ते सांगा."

नानाचा पहिला वाचक. त्या दिवशी त्यानं माझे गहू बाजरीवर ओतले.

तेव्हापासून वर गावच्या बातम्या आणि खाली नव्या कादंबरीचा एक भाग, असा त्याचा रिवाज पडला. कुणाची म्हैस व्याली, कुणाच्या बोअरला पाणी लागलं, मग कादंबरी. केसरबाईचा निरोप यायचा, "नवरीला इतकं रडवू नका, आमाला हितं रडायला लई हाय." दुसऱ्या दिवशी नवरी हसायला लागायची. बारीक म्हटलं की बारीक, जाड म्हटलं की जाड. गिरणीवाल्याचाच धंदा तो.

कादंबरीचा नायक होते आबा, खऱ्या नावानिशी. ते माजी सरपंच, आणि गिरणी ज्या खोलीत आहे ती त्यांचीच. त्यांनीच दम दिला होता, "नायक करतोस तर नाव माझंच घाल बे. दुसऱ्याला कावून मोठं करायचं?" म्हणून नानानं आबांना इतकं चांगलं केलं, इतकं चांगलं केलं की निरोप आला, "केसरबाई म्हणती, हे विठ्ठलराव कंटाळा आणतेत. झोप येती."

नानाला जेवण जाईना. वाचक झोपला म्हणजे लेखक मेला, असं त्याच्या सरांनी सांगितलं होतं. मग त्यानं ठरवलं, आपण मरण्यापेक्षा चुलता मेलेला बरा. वर त्यात प्रयोगही केला. त्या दिवशी बातम्या नाहीत, काही नाही, भागाची सुरुवातच अशी, "कळवण्यास अत्यंत दुःख होते की, आमचे चुलते, माजी सरपंच विठ्ठलराव यांचे अल्पशा आजाराने निधन झाले."

"वाचक हादरला पाहिजे," नाना मला म्हणाला.

वाचक हादरला. दुसऱ्या कुणी लगेच फोन करून विचारलं असतं. पण बांधाच्या भांडणावरून बजरंग आणि आबा यांचं बोलणं कित्येक वर्षं बंद. बजरंगनं टोळीला ताकीद दिली, "आपल्याला कुणी कळवलं न्हाई ना? मंग आपून इचारायचं न्हाई." आणि कोयता खाली ठेवून अंगावर पाणी घेतलं. "बोलणं बंद हाय. सुतक बंद न्हाई." दहाव्याला टोळीतल्या सगळ्या बाप्यांनी कारखान्याजवळच्या न्हाव्याकडं मुंडण केलं. सुतकात बबितानं निरोप लिहिला नाही. इकडं नाना रिकामा ब्लॉग मला दाखवून म्हणायचा, "बघ. शब्द सुचत न्हाईत त्यांना."

तेराव्याला बजरंगच्या टोळीचा टेम्पो गावात आला. गिरणी आबांच्या फाटकासमोरच, म्हणून मला सगळं फुकटात बघायला मिळालं. वळणापासूनच बायकांनी हेल काढला होता. केसरबाई फाटकात कपाळाला पदर लावून, खाली मान घालून शिरली, "मामंजी, आमाला न सांगता कुठं गेलात वो."

ओट्यावरून आवाज आला, "कुठं जातो? परसाकडं गेलतो, आत्ताच आलो."

हेल अर्ध्यात तुटला. मागून बजरंग आला. त्याचं डोकं उन्हात तांब्यासारखं चमकत होतं.

"तुमी हाय?"

"हाय. कावून, तुला अडचण हाय का?"

"मंग हे?" बजरंगनं डोक्यावर हात ठेवला.

आबांनी एकेक डोकं बघितलं. "तुझा बाप तर कवाच गेला. आता कोण मेलं?"

शेवटी बबितानं मोबाइल काढला आणि आबांना त्यांचं मरण वाचून दाखवलं. आबा शेवटपर्यंत ऐकत राहिले. "अल्पशा कावून? अल्पशा आजारानं जाणारी माणसं हाय का आमी?" मग चपला घालून ते रस्ता ओलांडून गिरणीत आले. बजरंगची सगळी भावकी मागं.

"बिभीषण, पुढच्या बाजाराच्या आत मला उठव. न्हाई तर खोली माझी हाय, शटर माझं हाय."

नाना पिठाचा हात पुसत राहिला. "आबा, मेलेला माणूस गोष्टीत उठत नसतो. वाचक सोडून जातेल."

"किती हायेत रे तुझे वाचक?"

नानानं दाराकडं बोट दाखवलं. तिथं ते सगळे उभे होते, सफाचट. नाना त्यांना वाचक म्हणून पहिल्यांदाच समोर बघत होता. तेवढ्यात केसरबाई म्हणाली, "मेले तर मेले. आता कावून उठवता? आमी तिकडं रडून मोकळं झालो."

आबा थुंकून निघून गेले. मी पैज लावली, "नाना, तुम्ही उठवणार." जो माणूस दोन ओळींच्या निरोपावर नवरीला हसवतो, तो शटरासाठी आबांना नाचवीलसुद्धा, याबद्दल मला तिळभर शंका नव्हती. हरले तर जन्मभर नानाची नक्कल बंद. तो हरला तर चौकात उभं राहून त्यानं 'हे जीवना' म्हणायचं, माझ्या चालीत.

बाजाराच्या आदल्या दिवशी भाग आला. आबा मेलेलेच. गोष्टीतल्या त्यांच्या तेराव्याला बोलणं बंद असलेला एक पुतण्या मुंडण करून येतो, फाटकाशी उभा राहतो आणि त्याला कुणी पाटावर बस म्हणत नाही. बस, एवढाच भाग. टोळी तोवर फडावर परतली होती. खाली निरोप, "केसरबाई म्हणती, पंगतीला बुंदी होती का लापशी, ते राहिलं."

सकाळी आबांनी शटर ओढून आपलं कुलूप लावलं. आता नाना आष्टीत दुसऱ्याच्या गिरणीवर कामाला आहे. मालक पट्टा चालू असताना मोबाइल काढू देत नाही. गावच्या बायका डोक्यावर दळण घेऊन आष्टीला जातात आणि वाटभर नानाला जिवंत गाडतात.

बाजारच्या दिवशी मीही पाटी घेऊन त्या रांगेत होते. बायका म्हणाल्या, "कर की गं बिभीषणची." नाना आत, पट्ट्याजवळ. मी तोंड उघडलं आणि मिटलं.

"हरले म्हण," नाना आतून म्हणाला.

"हरलो बे, कावून जीव खातोस," मी म्हटलं. रांग खिदळली.

"आबांच्या आवाजात नको. तुझ्या."

मला घसा खाकरावा लागला. हरले, मी म्हटलं, आणि कुणीच हसलं नाही.